नवीन टेबल गेमचा हाउस एज कसा काढायचा : आवळा दिसतोय, कोहळा कुठंय ते शोधा

कॅसिनोत नवीन टेबल लागलं की तिथे गर्दी होतेच. चकचकीत लेआउट, हसतमुख डीलर, वर मोठा बोर्ड की बाबा इथे कमिशन नाही, किंवा डबल फुकट, किंवा अमुक हात आला तर हजार पट. आणि लोक बसतात, कारण नियम ऐकायला सोपे असतात आणि फायदा आपलाच आहे असं वाटतं. मी असे गेम बरीच वर्षं बघतोय, कागद घेऊन हिशोब करतोय, आणि मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलीये : नवीन गेममध्ये जे दिलंय ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि जे काढून घेतलंय ते नियमांच्या चौथ्या-पाचव्या ओळीत असतं. आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार. तर तो कोहळा कसा शोधायचा आणि त्याचं वजन कसं करायचं ते इथे सांगतो. गणित शाळेतलंच लागतं, गुणाकार आणि बेरीज, घाबरू नका.

आधी हाउस एज म्हणजे काय ते एकदा पक्कं करून घेऊ. तुम्ही सुरुवातीला जी बेट लावता त्यातले सरासरी किती टक्के कॅसिनोकडे राहतात, तो आकडा. एका शून्याच्या रूलेटमध्ये ३७ घरं असतात आणि एका आकड्यावर ३५ पट मिळतात. सगळ्या ३७ घरांवर एकेक चिप ठेवली तर जिंकलेल्या घराची आपली एक चिप आणि वरच्या ३५ मिळून ३६ परत येतात, एक जाते. ३७ मध्ये १, म्हणजे २.७० टक्के. दोन शून्यांच्या चाकावर ३८ घरं पण पैसे तेच ३५ पट, म्हणून ५.२६ टक्के. २०१६ मध्ये लास वेगासमध्ये तीन शून्यांचं चाक आलं, ३९ घरं, पैसे पुन्हा तेच, झाले ७.६९ टक्के. टेबल तसंच, बॉल तसाच, खेळायची पद्धत तीच, फक्त एक हिरवं घर वाढलं. लोक चाकाकडे बघतात, घरं मोजत नाहीत. म्हणून पहिलं काम हेच, मोजा. घरं मोजा, पत्त्यांचे कॅट किती आहेत विचारा, कुठले पत्ते काढून टाकलेत का ते विचारा (स्पॅनिश २१ या ब्लॅकजॅकच्या प्रकारात प्रत्येक कॅटमधले चारही दहे काढलेले असतात, एका कॅटमध्ये ४८च पत्ते, आणि ब्लॅकजॅकमध्ये दहा किमतीचे पत्ते आपल्या बाजूचे असतात, त्यामुळे हे काढणं बरंच महाग पडतं, बाकीचे बोनस त्याच्याच भरपाईसाठी दिलेले आहेत).

आता एक पूर्ण गेम कागदावर सोडवून दाखवतो म्हणजे पद्धत कळेल. कॅसिनो वॉर घ्या. सहा कॅट, म्हणजे ३१२ पत्ते. तुम्हाला एक पत्ता, डीलरला एक, मोठा जिंकतो, एकास एक. इथपर्यंत दोघं अगदी बरोबरीत, कुणाचाच फायदा नाही. मग कॅसिनो कमावतो कुठे? बरोबरीत. पत्ते सारखे आले की दोन पर्याय असतात, अर्धी बेट सोडून द्या किंवा अजून एक बेट लावून पुढे लढा. बरोबरी किती वेळा होते? तुमचा पत्ता निघाला की उरले ३११, त्यात त्याच किमतीचे २३. म्हणजे २३ भागिले ३११, ७.४० टक्के. दरवेळी अर्धी सोडली तर ७.४० चे निम्मे, ३.७० टक्के. हा झाला पहिल्या पर्यायाचा हाउस एज, दोन ओळीत निघाला.

दुसऱ्या पर्यायात गोम आहे. अजून एक बेट लावली, हरलात तर दोन्ही जातात, जिंकलात तर फक्त नवीन बेटचे पैसे मिळतात, जुनी नुसती परत येते. म्हणजे हरलं तर दोन, जिंकलं तर एक. दुसऱ्यांदाही बरोबरी झाली तर ती तुमची जीत धरतात, त्यामुळे तुम्ही जिंकायचा चान्स ५३.७ टक्क्यांच्या आसपास जातो, पण एकास दोनच्या हिशोबात तेवढ्याने भागत नाही. ०.५३७ वजा ०.४६३ ची दुप्पट, येतात उणे ०.३८९. हे फक्त बरोबरी झाली तरच घडतं म्हणून ७.४० टक्क्यांनी गुणा, २.८८ टक्के. म्हणजे लढणं हे सोडण्यापेक्षा स्वस्त. आणि शेजारीच बरोबरीवर लावायची बेट असते, दहा पट देतात. २३ वेळा १० मिळाले म्हणजे २३०, २८८ वेळा १ गेला, तोटा ५८, भागिले ३११, १८.६५ टक्के! एकाच टेबलावर, चार बोटांच्या अंतरावर, २.८८ आणि १८.६५. म्हणून 'या गेमचा हाउस एज किती' असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठल्या बेटचा?

फरक काढायची युक्ती

दरवेळी गेम शून्यापासून सोडवायची गरज नसते. बहुतेक नवीन गेम हे जुन्याच गेमला दोन-तीन नियम बदलून केलेले असतात. मूळ गेमचा एज माहीत असेल तर बदललेल्या प्रत्येक नियमासाठी एवढंच विचारा, हे किती वेळा घडतं आणि घडलं की किती चिपांचा फरक पडतो. दोन्हींचा गुणाकार केला की त्या नियमाची किंमत हातात.

ब्लॅकजॅकमध्ये पहिल्या दोनच पत्त्यांत २१ झाले (यालाच ब्लॅकजॅक म्हणतात) की दीडपटीऐवजी पाचास सहा दिलं जातं ते बघा. शंभर चिपांवर १५० ऐवजी १२०. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो, तीस चिपा कमी, तीस भागिले एकवीस, प्रत्येक डावाला जवळजवळ १.४ चिपा. नीट खेळणाऱ्याला चांगल्या नियमांचं ब्लॅकजॅक अर्ध्या टक्क्याच्या आसपास पडतं, तिथे एका ओळीने जवळपास चौपट केलं.

पण मला सगळ्यात आवडतं उदाहरण बकाराचं आहे, कारण तिथे 'कमिशन नाही' ही पाटी दोन वेगळ्या गेमवर लागते आणि दोन्हीकडे अर्थ वेगळा निघतो. साध्या बकारात बँकर आणि प्लेअर असे दोन हात वाटतात आणि आपण कुठल्याही एकावर लावू शकतो. बँकर ४५.८६ टक्के वेळा जिंकतो, प्लेअर ४४.६२, बाकी बरोबरी. म्हणजे बँकरवर लावणाऱ्याला १.२४ टक्क्यांचा फायदा आहे, आणि तो खाऊन टाकायला बँकरच्या प्रत्येक जितीवर ५ टक्के कमिशन असतं. ४५.८६ चे ५ टक्के म्हणजे २.२९. १.२४ मधून २.२९ वजा, कॅसिनोला उरले १.०६ टक्के. (दशांशात थोडं मागेपुढे होतं, काळजी नसावी.) आता कमिशन काढलं तर कॅसिनो तोट्यात जाईल, म्हणजे कुठेतरी भरपाई केलेलीच असणार. एका प्रकारात बँकर ६ ने जिंकला की अर्धेच पैसे देतात. बँकर ६ ने जिंकतो ५.३९ टक्के वेळा, अर्धी बेट कमी, २.६९. १.२४ वजा २.६९, कॅसिनोचे १.४६ टक्के. दुसऱ्या प्रकारात बँकर तीन पत्त्यांच्या ७ ने जिंकला की बेट नुसती परत, जीत नाही. हे घडतं २.२५ टक्के वेळा, पूर्ण बेटचा फरक, १.२४ वजा २.२५, कॅसिनोचे १.०२ टक्के.

बघा आता. दोन्ही टेबलांवर तीच पाटी. एक मूळ गेमपेक्षा थोडासा बरा आहे आणि दुसरा सरळ महाग. कमिशन न देण्याचं समाधान दोन्हीकडे सारखंच मिळतं आणि डीलरलाही सुट्टे मोजायला लागत नाहीत म्हणून डाव भराभर होतात, त्याबद्दल पुढे बोलतो. आणि त्या तीन पत्त्यांच्या ७ वर वेगळी साइड बेटही असते, ४० पट देतात. ऐकायला भारी, पण २.२५३ टक्के गुणिले ४१ केले तर ९२.३९ परत येतात, म्हणजे एज ७.६१.

असंच ब्लॅकजॅकच्या नवीन प्रकारांत एक नियम तुम्हाला वारंवार दिसेल, डीलरचे २२ झाले की सगळ्यांच्या बेट पुश. म्हणजे डीलर बस्ट झाला (२१ च्या वर गेला) तरी तुम्हाला काही नाही, फक्त बेट परत. लोक म्हणतात अहो २२ कितीसे येतात. शंभरात सातएक वेळा येतात! या एका नियमाची किंमत सहा-सात टक्क्यांच्या घरात जाते आणि त्याच्या बदल्यात मग भरपूर काही देता येतं. फ्री बेट ब्लॅकजॅकमध्ये ९, १०, ११ वर डबल (बेट दुप्पट करणं) फुकट, दहाच्या जोडीशिवाय बाकी जोड्यांचं स्प्लिट (जोड फोडून दोन हात करणं) फुकट, आणि एवढं सगळं देऊन वर एज १ टक्क्याच्या थोडा पुढे ठेवलाय. ब्लॅकजॅक स्विचमध्ये दोन हातांतले वरचे पत्ते अदलाबदल करता येतात, पण ब्लॅकजॅकला एकास एकच आणि पुन्हा तेच २२ चं पुश, एज साधारण ०.६ टक्के. हे दोन्ही गेम मला वाईट वाटत नाहीत, उलट विचार करून बनवलेले आहेत, पण ते साध्या ब्लॅकजॅकच्या, कुठल्या हातावर काय करायचं ते सांगणाऱ्या तक्त्याने खेळलात तर हे आकडे विसरा. नियम बदलले की कधी मारायचं कधी थांबायचं तेही बदलतं.

पेटेबलची एक ओळ

पेटेबल म्हणजे कुठल्या हाताला किती पट पैसे त्याची छापलेली यादी. तिचं महत्त्व मला स्वतःला महागात पडून कळलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. थ्री कार्ड पोकर, डेरेक वेब यांनी १९९४ च्या सुमारास बनवलेला गेम, आज जगभर आहे. त्यात पेअर प्लस नावाची बेट आहे, डीलरशी संबंध नाही, तुमच्या तीन पत्त्यांत जोड किंवा वर काही आलं तर पैसे. मी घरून हिशोब करून गेलो होतो, २.३२ टक्के, ठीक आहे म्हणून बसलो. दोनेक तास खेळलो. मग एकदा बदामाचे तीन आले, एक्का, नहिला आणि चौकी, अजून डोळ्यासमोर आहेत, आणि डीलरने चारच्या ऐवजी तीन चिपांची थप्पी सरकवली. मी म्हटलं चुकलं वाटतं. त्याने नुसतं लेआउटवर बोट ठेवलं. फ्लश (तिन्ही पत्ते एकाच चिन्हाचे) ३. छापलेलंच होतं, दोन तास माझ्या चिपांच्या खाली.

त्या एका आकड्याने काय होतं ते मोजू. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे हात होतात २२,१००. त्यात स्ट्रेट फ्लश ४८, तिन्ही सारखे ५२, स्ट्रेट ७२०, फ्लश १,०९६, जोड ३,७४४, आणि काहीच नाही असे १६,४४०. पैसे समजा ४०, ३०, ६, ४, १. मग ४८ गुणिले ४० म्हणजे १,९२०, ५२ गुणिले ३० म्हणजे १,५६०, ७२० गुणिले ६ म्हणजे ४,३२०, १,०९६ गुणिले ४ म्हणजे ४,३८४, आणि जोडीचे ३,७४४. बेरीज १५,९२८. हरलेले १६,४४०. तोटा ५१२, भागिले २२,१००, २.३२ टक्के. आता फ्लशला ४ ऐवजी ३ करा, मिळकत १,०९६ ने कमी, तोटा १,६०८, भागिले २२,१००, ७.२८ टक्के. तिप्पट! आणि वरचा ४० पटीचा आकडा जो सगळे बघतात तो जागच्या जागी. ग्यानबाची मेख नेहमी मधल्या ओळीत असते, कारण वरचे हात इतके विरळ की तिथे उदार होणं स्वस्त पडतं, आणि खालचा एकास एक बदलला तर सगळ्यांच्या लक्षात येईल. फ्लश शंभरात पाच वेळा येतो, म्हणजे कॅसिनोला एक चिप कमी केली की शंभरामागे पाच सुटल्या.

म्हणून पेटेबल बघताना वरून खाली वाचू नका. जे हात शंभरात दोन ते दहा वेळा येतात त्या ओळी आधी बघा. क्रॅप्स या दोन फाशांच्या गेममधल्या फील्ड बेटमध्येही तसंच आहे, २ आणि १२ दोन्हींवर दुप्पट असेल तर ५.५६ टक्के, त्यातल्या एकावर तिप्पट असेल तर बरोबर निम्मं, २.७८. सिक बो मध्ये कुठल्याही तिळ्यावर एके ठिकाणी ३० पट देतात, दुसरीकडे २४, तीन फाशांचे प्रकार २१६, तिळे ६, करून बघा, १३.९ आणि ३०.६ येतात. गेमचं नाव तेच.

टक्के कशाचे?

हे बऱ्याच जाणत्या लोकांचंही चुकतं. हाउस एज सुरुवातीच्या बेटवर सांगतात, पण काही गेममध्ये नंतर अजून चिपा लावायला लागतात. कॅरिबियन स्टड या पोकरच्या गेमचा एज ५.२२ टक्के म्हणतात तो अँटेवर, म्हणजे पत्ते वाटायच्या आधी लावलेल्या बेटवर. पण साधारण निम्म्या डावांत तुम्ही अँटेच्या दुप्पट अजून लावता, म्हणजे सरासरी दोनच्या थोड्या वर अँटे टेबलावर जातात, एकूण लावलेल्या चिपांवर हिशोब केला तर २.५६. अल्टिमेट टेक्सास होल्डेमचा तर २.१९ आहे पण एकूण लावलेल्यावर ०.५३, कारण तिथे सरासरी ४.१५ अँटे लागतात. तर कुणी नवीन गेमची जाहिरात करताना अर्ध्या टक्क्याच्या खाली एज सांगितला तर विचारा की हा अँटेवर आहे का एकूणवर.

दोन्ही आकडे खरेच आहेत, काम वेगळं. किती चिपा घेऊन बसायचं आणि एका डावाला काय पडेल हे अँटेवरच्या आकड्याने कळतं. दोन वेगळ्या गेमची तुलना करायची तर एकूणवरचा घ्या. आणि होल्डेमच्या त्या प्रकारात अँटे, तेवढीच ब्लाइंड नावाची दुसरी बेट आणि वर चारपट, म्हणजे शंभरच्या टेबलावर एका डावात सहाशे लावायची तयारी लागते हे बसण्याआधी मोजा, कारण चिपा कमी पडल्या म्हणून चारपट लावायच्या जागी गप्प बसलात की तो २.१९ तुमचा राहत नाही.

खेळणाऱ्याला निर्णय घ्यायचे असतात तिथे

रूलेटला डोकं लागत नाही. पण जिथे सोडायचं का पुढे जायचं हे तुम्ही ठरवता तिथे छापलेला एज हा बिनचूक खेळणाऱ्याचा असतो. नवीन गेममध्ये बिनचूक कसं खेळायचं हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हा खरा एज त्यापेक्षा जास्तच. किती जास्त, हे गेमवर आहे. थ्री कार्ड पोकरच्या मुख्य बेटला राणी-सहा-चार किंवा वर असेल तर पुढे जायचं, एज ३.३७. हे विसरलात आणि नुसती राणी बघून पुढे गेलात तर ३.४५, काहीच बिघडलं नाही. पण पत्ते न बघता दरवेळी पुढे गेलात तर ७.६५. असा गेम मला नवख्यासाठी चांगला वाटतो, ढोबळ नियमाने खेळलं तरी फारसं नुकसान नाही. उलट ज्यात चार टप्प्यांवर निर्णय आहेत तिथे तक्ता मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

स्वतः काढायचं असेल तर आधी बघा एकूण शक्यता किती. थ्री कार्ड पोकरमध्ये तुमचे २२,१०० हात आणि प्रत्येकासमोर डीलरचे १८,४२४, म्हणजे ४०.७ कोटी, साधा कॉम्प्युटर सगळे एकेक करून तपासतो. अल्टिमेट टेक्सास होल्डेममध्ये हाच आकडा २.७८ लाख कोटीच्या वर जातो, तिथे युक्त्या लागतात किंवा मग सिम्युलेशन. पायथॉन थोडं येत असेल तर पत्ते पिसायचे, वाटायचे, नियम लावायचा, चिपा मोजायच्या, हे वीस-तीस ओळींपासून सुरू होतं.

फक्त सिम्युलेशनच्या उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नका. किती डाव चालवले त्यावर चूक ठरते, आणि डाव शंभरपट केले की चूक फक्त दहापट कमी होते. पेअर प्लसला एका डावाचा चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, २.८५ चिपांच्या आसपास आहे. दहा लाख डाव चालवले तर उत्तरात ०.२८ टक्क्यांची चूक सहज असते, दहा कोटी चालवले तर ०.०३. मी आधी ज्याचं उत्तर कागदावर माहीत आहे तो गेम चालवून बघतो, कॅसिनो वॉरचे २.८८ आले का, आले तरच नवीन नियम घालतो. ही सवय लावून घ्या, कोडमधली निम्मी चूक तिथेच सापडते.

आणि यातूनच अजून एक गोष्ट कळते. 'मी तिथे हजार डाव खेळलोय, चांगला गेम आहे' असं कुणी सांगितलं तर त्याचा अनुभव खोटा नाही पण उपयोगाचा नाही. हजार डावांत पेअर प्लसची चूक येते ९ टक्के. २.३२ आणि ७.२८ मधला फरक पाचच टक्क्यांचा. तासाला पन्नास डाव धरले तर वीस तास बसूनही कुठल्या टेबलावर बसलाय हे निकालावरून ओळखता येत नाही. लेआउटवरची एक ओळ मात्र दोन सेकंदात सांगते.

साइड बेट, जॅकपॉट आणि पटींचे गेम

साइड बेटवर मी फार वेळ घालवत नाही. मुख्य गेम एक-दोन टक्क्यांचा आणि साइड बेट सात ते वीसच्या मध्ये, हे इतकं नेहमीचं आहे की आकडा मिळेपर्यंत तिथे चिप ठेवायचीच नाही असं धरून चाला. जॅकपॉटच्या बेटला एज वाढत्या मीटरप्रमाणे (जॅकपॉटची रक्कम दाखवणाऱ्या आकड्याप्रमाणे) बदलतो. पाच पत्त्यांत रॉयल फ्लश ६,४९,७४० मध्ये एकदा, म्हणजे एका चिपेच्या बेटला मीटर साधारण ६,५०० चिपांनी वाढलं की एज एक टक्क्याने कमी होतो, बाकी हातांचे पैसे मोजून बसलं की बरोबरी कुठे येते ते काढता येतं. बहुतेक वेळा ती खूप लांब असते.

ऑनलाइन लाइव्ह टेबलांवर हल्ली पटींचे गेम आलेत, ते नीट समजून घ्या. लायटनिंग रूलेट २०१८ चा, इव्होल्यूशन कंपनीचा. एकाच शून्याचं चाक, पण एका आकड्यावर ३५ ऐवजी २९ पट, आणि प्रत्येक डावात १ ते ५ आकडे निवडून त्यांना ५० ते ५०० पर्यंतची पट. त्या बेटचं परतीचं प्रमाण ९७.१० टक्के दिलंय, म्हणजे एज २.९०, कागदावर साध्या रूलेटच्या जवळच. पण २९ पटीचा हिशोब वेगळा करा, ३० भागिले ३७, ८१ टक्केच परत. उरलेले १६ टक्के त्या मोठ्या पटींतून येतात, जे कधीतरीच लागतात. म्हणजे बहुतेक संध्याकाळी तुम्ही जवळजवळ १९ टक्क्यांच्या गेमवर बसलेले असता. सरासरी खोटी नाही, पण ती सरासरी तुमच्या वाट्याला यायला खूप डाव लागतात. परतीचं प्रमाण आणि हाउस एज एकमेकांचे पूरक असले तरी चढउताराचा आकडा त्यात कुठेच नसतो, तो वेगळा शोधावा लागतो.

होल्ड म्हणजे एज नव्हे, आणि वेग

बातम्यांत येतं की अमुक गेममध्ये कॅसिनोने वीस टक्के कमावले. ते होल्ड, म्हणजे टेबलावर बदलून घेतलेल्या चिपांपैकी किती राहिल्या. समजा तुम्ही १,००० च्या चिपा घेतल्या आणि २० च्या बेट लावत एका शून्याच्या रूलेटवर ४०० डाव खेळलात. लावले एकूण ८,०००, त्याचे २.७ टक्के २१६ गेले, होल्ड २१.६. शंभरच डाव खेळून उठलात तर होल्ड ५.४. गेम तोच, एज तोच. त्यामुळे होल्डवरून गेम चांगला का वाईट ठरवू नका, तो तुम्ही किती वेळ बसलात ते सांगतो.

आणि म्हणूनच वेग बघायचा. तासाचा खर्च म्हणजे बेट गुणिले एज गुणिले तासाचे डाव. १.०२ टक्क्यांचं बिनकमिशनचं बकारा तासाला १५० डाव चालत असेल तर शंभरच्या बेटला १५३ चिपा जातात. २.७० चं रूलेट ३५ डावांनी चालत असेल तर ९५ सुद्धा नाहीत. नवीन गेम बनवणाऱ्यांना डाव भराभर संपणं फार महत्त्वाचं असतं, तेव्हा आधी दहा मिनिटं उभं राहून डाव मोजा आणि सहाने गुणा.

आकडे कुठे मिळतात

मायकल शॅकलफर्ड या गणितज्ञाने १९९७ पासून विझार्ड ऑफ ऑड्स या साइटवर शेकडो गेमचं विश्लेषण टाकलंय, पेटेबलच्या वेगवेगळ्या प्रकारांसकट, मी सुरुवात तिथूनच करतो. गेम अगदी नवीन असेल तर नेवाडाचं गेमिंग कंट्रोल बोर्ड आणि वॉशिंग्टन राज्याचं गॅम्ब्लिंग कमिशन मंजूर गेमचे अधिकृत नियम देतात, बारीक नियम तिथे पूर्ण असतात, हिशोब आपण करायचा. नेवाडात नवीन गेमची आधी खऱ्या कॅसिनोत चाचणी होते, त्यामुळे एखादा गेम दिसला आणि काही महिन्यांनी गायब झाला असंही होतं. आणि एक जागा लोकांना सुचत नाही, पेटंट. बरेच नवे गेम पेटंट केलेले असतात आणि त्या कागदात कधी कधी पेटेबलच्या चार-पाच पर्यायांचे एज तक्त्यात मांडलेले सापडतात, म्हणजे कॅसिनोला कुठले पर्याय विकले जातात तेही कळतं.

जीएलआयसारख्या, कॅसिनोचे गेम तपासणाऱ्या लॅबची तपासणी झालीये, किंवा सरकारी मंजुरी आहे, याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. नियम आणि गणित जुळतात, एवढंच त्यातून कळतं. ३० टक्क्यांची बेटही मंजूर असू शकते.

टेबलाजवळ बऱ्याच ठिकाणी फोटो काढू देत नाहीत, म्हणून मी छोट्या कागदावर लिहून घेतो : कॅट किती, प्रत्येक ओळीचे पैसे, डीलर कधी पात्र ठरतो (त्याचा हात किमान किती मोठा लागतो), बरोबरीत काय होतं, नंतर किती लावायला लागतं. बरोबरीचं आणि डीलर पात्र नसल्यावर काय होतं ते डीलरला स्पष्ट विचारा, ते सांगतात. मग घरी हिशोब. एखादी ओळ लिहायची राहिली असेल तर अंदाजाने भरू नका, पुन्हा जाऊन बघा, आणि हिशोब जमला म्हणून पुढच्या खेपेला गेलात तरी चिपा बदलायच्या आधी कागद लेआउटशी ओळीनओळ जुळवून घ्या, विशेषतः फ्लशची.